पिढीजात ॲम्प्लिफायर

वऱ्हाडातल्या एखाद्या जुन्या घराण्याचे वाटणीपत्र उघडून वाचले, तर त्यात शेतांचे सर्व्हे नंबर, वाड्याच्या खणांची मोजदाद, विहिरीतला हिस्सा, बैलजोडी, सागवानी पलंग, तांब्याचे हंडे आणि पितळेच्या पराती यांची नोंद मोठ्या काटेकोरपणे केलेली आढळते. परंतु ज्या यंत्रापुढे बसून त्याच घरातल्या तीन पिढ्यांनी भजने, नाट्यपदे आणि बातम्या ऐकल्या, त्या यंत्राचा त्या दस्तऐवजात मागमूसही नसतो. विजेवर चालणारा जिन्नस हा दुसऱ्या पिढीच्या हिशेबात धरावयाचा नसतो, अशी आपली पक्की समजूत होऊन बसली आहे. मिक्सर, पंखा, दूरचित्रवाणी संच यांच्या बाबतीत ती समजूत अनुभवाने सिद्धही झालेली आहे. तथापि चांगला ॲम्प्लिफायर हा तिला अपवाद ठरू शकतो. तो पन्नास वर्षे चालल्याची उदाहरणे जगभर आहेत, आणि ती सगळीच काही वातानुकूलित दिवाणखान्यांतली नाहीत.

प्रश्न एवढाच, की हिवरखेडासारख्या गावी राहणाऱ्या संगीतवेड्या माणसाने, म्हणजे ज्याच्या घराजवळ ना हाय-फायचे दुकान आहे ना ऐकून पाहण्याची सोय, असा ॲम्प्लिफायर ओळखावा कसा? अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले, कापूस, केळी नि संत्र्यांचे हे मोठे गाव मी उदाहरणादाखल घेतो, त्याला कारण आहे. उन्हाळ्यात या मुलखात पारा ४५ अंशांच्या वर जातो. काळ्या मातीची पिठासारखी धूळ शिमग्यापासून मृगापर्यंत दाराच्या फटींतून आत येत राहते. रब्बीत ओलिताचे पंप सुरू झाले की दिवे मंदावतात आणि पंप थांबले की तोच विजेचा दाब एकाएकी चढतो. आणि एखादा सुटा भाग लागलाच, तर तेल्हारा, अकोट, मग अकोला, आणि तेथेही न मिळाल्यास मुंबईचा लॅमिंग्टन रोड, अशी पायरीपायरीने वाढत जाणारी यातायात करावी लागते. हिवरखेडावरून खंडव्याकडे जाणारी मीटरगेज गाडी होती, तीही रुळांच्या रुंदीकरणापायी बंद पडली. अशा गावी जो ॲम्प्लिफायर टिकेल, तो कोठेही टिकेल.

हे यंत्र करते काय, ते प्रथम सांगितले पाहिजे, कारण पुष्कळांची अशी कल्पना असते की ते आलेल्या आवाजालाच फुगवून मोठा करते. वस्तुस्थिती निराळी आहे. वारी गावच्या हनुमान सागर धरणातून निघालेल्या कालव्यावर एकटा माणूस चाक फिरवून दरवाजा वरखाली करतो, आणि त्याच्या मनगटाच्या त्या थोड्याशा जोरावर शेकडो एकर भिजविणारे पाणी कमीजास्त होते. ते पाणी त्याने निर्माण केलेले नसते, त्याने केवळ वाट दिलेली असते. ॲम्प्लिफायरमध्ये धरणाच्या जागी भिंतीतल्या प्लगमधून येणारी वीज असते, दरवाजाच्या जागी ट्रान्झिस्टर किंवा व्हॉल्व्ह असतो, आणि ते चाक फिरविण्याचे काम रेडिओतून, तबकडीवरून किंवा मोबाईलमधून आलेला एखाद-दोन व्होल्टचा, किंबहुना त्याहूनही क्षीण असा गाण्याचा संकेत करीत असतो. यातून एक गोष्ट सरळच निष्पन्न होते. स्पीकरमधून आपण जे ऐकतो ती वास्तविक आपल्या घरातली वीजच असते, गाण्याच्या आकारात वळवून घेतलेली. म्हणून ॲम्प्लिफायरचे मोल करताना समोरची चकचकीत पट्टी न पाहता तो वीज साठवितो कशी नि आवरतो कशी, हे पाहावे. म्हणजेच आतला ट्रान्सफॉर्मर, त्यामागचे मोठाले कंडेन्सर आणि उष्णता बाहेर टाकणारे ॲल्युमिनियमचे पंखेदार हीटसिंक पाहावेत.

आता गंमत अशी की दीर्घायुषी ॲम्प्लिफायर कसा असतो याचा दाखला प्रत्येक गावात डोळ्यांसमोर असतो, पण हाय-फायच्या नादी लागलेला माणूस त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. देवळात काकडआरतीला लावतात तो, किंवा बिछायत केंद्रवाला मंडपाच्या कोपऱ्यात टेबलावर मांडून ठेवतो तो अहुजाचा ॲम्प्लिफायर पाहा. अहुजा रेडिओज ही दिल्लीची कंपनी १९४० सालची. तिच्या मशीनने लग्ने, सप्ताह, प्रचारसभा आणि गणपती काढलेले असतात. बैलगाडीतून, मग मेटॅडोरमधून, मग छोटा हत्तीमधून त्या मशीनचा प्रवास झालेला असतो. तिच्यावर पाणी, पेढे आणि क्वचित गुलालही सांडलेला असतो. आणि तरीही कळ दाबली की दिवा लागतो. याचे श्रेय कोण्या गूढ तंत्रविद्येला नाही. जरुरीपेक्षा जाड ट्रान्सफॉर्मर, साधी मांडणी, घाई न करता उष्णता सोडणारी पेटी, वीज गेल्यास १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालण्याची सोय, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे बिघडल्यास तालुक्याच्या मिस्त्रीला तिचे पोट उघडता येते व आत काय आहे ते ओळखता येते.

मग तोच घरी आणून गाणी का ऐकू नयेत? कारण तो माणसाचा आवाज लांबवर पोहोचविण्यासाठी घडविलेला आहे. मंडपाच्या टोकापर्यंत तार ओढायची, एका तारेवर पाच-दहा भोंगे जोडायचे, यासाठी त्याला ७० किंवा १०० व्होल्टची ‘लाईन’ दिलेली असते, आणि त्यासाठी आत आणखी एक आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसविलेला असतो. डग्ग्याच्या घुमाऱ्याची खोली आणि तंबोऱ्याच्या जवारीची वरची झणझण या दोन्ही टोकांना त्याची पकड सैल पडते. ज्याने त्याला घरच्या स्पीकरवर जोडून पाहिले असेल त्याला हे सांगावे लागणार नाही. घरगुती ॲम्प्लिफायर निवडताना मात्र याच मशीनचे आचरण डोळ्यांपुढे ठेवावे, एवढेच माझे म्हणणे.

वॅटविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण ग्राहकाची जितकी फसवणूक या एका शब्दाने झाली आहे तितकी दुसऱ्या कशाने झाली नसेल. एके काळी हातात मावणाऱ्या कॅसेट प्लेअरवरही ‘१,००० वॅट पीएमपीओ’ अशी चिठ्ठी चिकटविलेली असे. त्या आकड्याला कसलाही शास्त्रीय आधार नव्हता. विचारावे ते ८ ओहमच्या स्पीकरवर, दोन्ही बाजू एकाच वेळी चालू असताना, सतत मिळणारे वॅट. आणि ते किती लागतात? १ वॅट दिला असता १ मीटरवर ८८ डेसिबल आवाज देणारे सर्वसाधारण स्पीकर घ्या. बारा बाय पंधराच्या खोलीत तीन मीटरवर बसलेल्या माणसाच्या कानाशी, दोन स्पीकर मिळून, प्रत्येकी १ वॅटला सुमारे ८२ डेसिबल पोहोचतात. आणि रोजचे मन लावून ऐकणे ७५ डेसिबलच्या आसपास चालते, म्हणजे त्याला वॅटचा पाचवा हिस्सादेखील पुरे होतो. तबल्याची थाप किंवा तारसप्तकातली एखादी झेप क्षणभर २० डेसिबलने उसळी घेते, तेव्हा मात्र २० वॅट लागतात. यापलीकडे दुप्पट वॅट घेतले तर हाती येतात फक्त ३ डेसिबल, जे कानाला जेमतेम जाणवतात. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला वॅट दहापट व्हावे लागतात. तेव्हा वीस ते पन्नास खरे वॅट हे हिवरखेडच्या कोणत्याही माजघराला, ओसरी धरून, भरपूर झाले.

आणि आवाजाचा दर्जा? येथे मला थोडे अप्रिय बोलावे लागणार आहे. हाय-फायच्या व्यापारात ॲम्प्लिफायरच्या आवाजाविषयी जी विशेषणे उधळली जातात, त्यांतली बहुतेक स्पीकरला आणि खोलीला लागू पडतात. १९२७ च्या ऑगस्टमध्ये हॅरॉल्ड ब्लॅक नावाचा अमेरिकन अभियंता बोटीने नदी ओलांडून न्यूयॉर्कला कामावर निघाला असताना त्याला एक युक्ती सुचली आणि ती त्याने हातातल्या वर्तमानपत्रावरच उतरवून ठेवली: बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही अंश उलटा करून परत आत आणायचा, मूळ संकेताशी ताडून पाहायचा, आणि जी चूक दिसेल ती तिथल्या तिथे वजा करायची. वर्धनशक्ती गमवावी लागते, पण त्याच प्रमाणात विकृतीही घटते. याच ‘निगेटिव्ह फीडबॅक’च्या जोरावर १९४७ साली विल्यमसन याने आपला नामांकित व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्रजी मासिकात आकृतीसकट प्रसिद्ध केला आणि जगभरच्या हौशी लोकांनी तो घरी बसून जुळविला. पुढे १९७८ साली इंग्लंडच्या क्वाड कंपनीचे तीन ॲम्प्लिफायर, म्हणजे १९५३ चा व्हॉल्व्हवाला, १९६७ चा ट्रान्झिस्टरवाला आणि १९७५ चा त्याहून अद्ययावत, हे पडद्याआड ठेवून जाणत्या श्रोत्यांना ऐकविण्यात आले. कोणता कोणता हे त्यांना सांगता आले नाही. बावीस वर्षांच्या अवधीतली ती तीन यंत्रे! नीट बांधलेले, आपल्या आवाक्याबाहेर न ताणलेले दोन ॲम्प्लिफायर एकमेकांसारखेच गातात, असे मानून चालण्यात ग्राहकाचे फारसे नुकसान नाही. राहिलेला पैसा स्पीकरवर खर्च करावा.

म्हणजे मग निवड करावयाची ती आयुर्मानाच्या कसोटीवर. आणि वऱ्हाडात आयुर्मानाचा पहिला वैरी म्हणजे उष्णता. ॲम्प्लिफायरमध्ये सर्वांत आधी म्हातारा होणारा भाग कंडेन्सर. त्या गोल नळकांड्यात द्रव मुरविलेला कागद असतो, तो द्रव वर्षानुवर्षे बुडाच्या रबरी बुचातून उडत जातो, आणि पुरता सुकला की स्पीकरमधून घरघर ऐकू येऊ लागते. त्यावर छापलेले असते ८५ अंश, आणि कारखानदाराच्या कोष्टकात लिहिलेले असते, समजा, २,००० तास. म्हणजे ८५ अंश तापमानात २,००० तासांची हमी. तापमान दर १० अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते, हा ढोबळ नियम. बंद कपाटात कोंबलेल्या ॲम्प्लिफायरच्या पोटात मे महिन्यात ६५ अंश सहज होतात. तेथे त्याचे ८,००० तास होतील, म्हणजे रोज तीन तास ऐकणाऱ्याला जेमतेम सात वर्षे. तोच ॲम्प्लिफायर चारी बाजूंनी मोकळा ठेवला आणि पोटातले तापमान ४५ वर राखता आले, तर ३२,००० तास, म्हणजे एकोणतीस वर्षे. दुरुस्तीच्या वेळी ८५ च्या जागी १०५ अंशांचे, ५,००० तासांचे कंडेन्सर घातले, तर ६५ अंशांतही हिशेब सत्तर वर्षांच्या पुढे जातो; अर्थात तो कागदावरचा हिशेब झाला, रबराचे बूच इतकी वर्षे थांबणार नाही. पण खर्च विचाराल तर चार-दोन सिनेमांच्या तिकिटांइतका.

याच कारणासाठी ‘क्लास ए’ म्हणून ज्याची फार वाखाणणी होते त्या पद्धतीचा मोह वऱ्हाडकराने टाळावा असे माझे मत आहे. जॉन लिन्स्ली हूड याने १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेला १० वॅटचा क्लास ए ॲम्प्लिफायर आजही लोक भक्तिभावाने बांधतात, आणि तो गातोही सुरेख. परंतु गाणे चालू असो वा नसो, दर बाजूला सुमारे तीस वॅटची धग तो अखंड बाहेर टाकीत राहतो, आणि वैशाखात आपण खोलीत कूलर लावून त्याच्या समोर शेगडी पेटविण्यात शहाणपणा नाही. व्हॉल्व्हची गोष्ट थोडी वेगळी. एके काळी बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हॉल्व्ह होत, आता ते चीन, रशिया, स्लोव्हाकिया अशा देशांतून मागवावे लागतात. काही हजार तासांनी ते बदलावेच लागतात. आणि आतले तीन-चारशे व्होल्ट यंत्र बंद केल्यावरही काही काळ जीवघेणे राहतात, हे घरात पोरेबाळे असणाऱ्याने ध्यानात ठेवावे. पुण्याच्या केडन्सने असे व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर बनविले आणि त्यांना परदेशांतही गिऱ्हाईक मिळाले, याचा मराठी माणसाला अभिमान वाटावा. परंतु अभिमान आणि खरेदी या दोन स्वतंत्र बाबी आहेत.

उलट टोकाला ‘क्लास डी’. हातभर यंत्र, वजन नाही, धग नाही, दहातले नऊ हिस्से वीज थेट स्पीकरकडे. वऱ्हाडी उन्हाळ्याला यासारखे सोयीचे काही नाही. मात्र यातले भाग तांदळाच्या कणीएवढे, यंत्राने चिकटविलेले. बिघडले तर दुरुस्ती न करता अख्खा सर्किट बोर्डच बदलायचा, आणि तो बोर्ड दहा वर्षांनी बाजारात मिळेल की नाही हे कारखानदारही सांगू शकणार नाही. पंधरा वर्षांसाठी तो उत्तम. जन्मभरासाठी म्हणाल, तर माझी शिफारस अजून मधल्या वर्गाची, म्हणजे ‘क्लास एबी’ची आणि लोखंडी गाभ्याच्या जड ट्रान्सफॉर्मरची. एनएडी कंपनीचा ३०२० हा २० वॅटचा ॲम्प्लिफायर १९७८ साली आला तेव्हा तो हाय-फायच्या बाजारातला स्वस्तातला माल होता. आज त्याच यंत्रांचे कंडेन्सर बदलून लोक ती वापरीत आहेत.

दाबाच्या चढउताराचे भय या जुन्या पद्धतीच्या यंत्राला कमी असते. वीज २३० वरून १८० वर उतरली तर ते थोडे दुबळे होते, आवाज वाढविल्यास लवकर फाटते, पण जळत नाही. चढत्या दाबासाठी स्टॅबिलायझर लावावा, आणि फ्यूज उडाला की त्या जागी तांब्याची तार गुंडाळण्याची जी वहिवाट गावोगाव पडली आहे ती या एका यंत्रापुरती तरी मोडावी. पाच रुपयांच्या फ्यूजने जळायचे की हजारांच्या ट्रान्सफॉर्मरने, हा सवाल आहे. अर्थिंगचीही हयगय नको. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळली की जमिनीत गाडलेल्या पट्टीचा मातीशी संबंध सुटतो, आणि मग स्पीकरमधून तंबोऱ्याच्या खालच्या पट्टीत एक अखंड गुणगुण सुरू होते, ती मिस्त्री ॲम्प्लिफायरमध्ये शोधीत बसतो. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ, कोळसा आणि चैत्र-वैशाखात आठवड्याला बादलीभर पाणी एवढ्याने पुष्कळदा ती थांबते.

जुने घ्यावे की नवे, हा पुढचा प्रश्न. आपल्याकडे जुन्या मालाचा इतिहास थोडा विचित्र आहे. ठाण्याला मर्फी आणि पुण्याजवळ लोणी काळभोरला फिलिप्स यांचे कारखाने होते, कोलकात्याच्या सोनोडाइनने १९७० पासून स्वदेशी हाय-फाय बनविले. परंतु परदेशी यंत्रांवर १९९१ पूर्वी जकात एवढी जबर होती की ती यायची तर आखातातून परतणाऱ्या नातलगाच्या सामानातून. बाकी महाराष्ट्र ‘असेंबल्ड’वर गात होता: २एन३०५५ ट्रान्झिस्टरची जोडी, सनमायका लावलेली लाकडी पेटी, आणि समोर रंगीत नाचणारे दिवे. त्या पेट्यांची चेष्टा करण्याचे कारण नाही. त्यांनीच गावोगावचे मिस्त्री शिकून तयार केले. आज मुंबईच्या चोरबाजारातून किंवा ओळखीतून मिळणारा सत्तर-ऐंशीच्या दशकातला जपानी ॲम्प्लिफायर हा बहुधा सर्वांत किफायतीचा सौदा ठरतो, एका अटीवर: मागची पट्टी वाचावी. १०० किंवा १२० व्होल्ट असे लिहिलेले यंत्र आपल्या प्लगमध्ये थेट घातले, तर त्याचे आयुष्य तेवढ्या एका क्षणाचेच.

असे यंत्र तपासण्याची रीत एका वयस्क मिस्त्रीच्या बाकावर मी पाहिली, ती वर्णन करण्याजोगी आहे. ॲम्प्लिफायर समोर येताच त्याने प्रथम स्क्रूंची डोकी पाहिली. खाचा झिजलेल्या असतील तर पूर्वी कोणीतरी आत हात घातलेला आहे. मग झाकण काढून नाक लावले, कारण जळक्या ट्रान्सफॉर्मरचा वास वर्षानुवर्षे जात नाही. आत धुळीचा थर होता, हवेच्या जाळीत कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये एक पाल वाळून बसली होती; ती त्याने चिमट्याने उचलून फेकली आणि कुंच्याने धूळ झाडली. त्यानंतर भिंतीतला प्लग सरळ न वापरता त्याने आपला ‘सिरीज बोर्ड’ पुढे ओढला. यात १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब विजेच्या वाटेतच बसविलेला असतो. कळ दाबताच बल्ब क्षणभर उजळला, आणि मंद होत होत जवळजवळ विझला. तो तसाच लखलखत राहता, तर आत शॉर्ट आहे हे कळले असते आणि तो सगळा मार बल्बने सोसला असता. मग मल्टिमीटरची टोके स्पीकरच्या जागी लावून, गाणे नसताना तेथे डीसी किती व्होल्ट आहे ते त्याने पाहिले. ५० मिलीव्होल्टच्या आत असावे. जास्त असेल तर स्पीकरच्या कॉइलला अखंड चटका बसत राहतो. शेवटी व्हॉल्यूमचा नॉब इकडून तिकडे फिरविला. खरखर झाली, पण तिची त्याला पर्वा नव्हती. स्प्रेच्या दोन फुसकाऱ्यांचे काम.

त्याची तक्रार होती ती नकली ट्रान्झिस्टरची. ‘बावन्नशे आणि एकोणीसशे त्रेचाळीस’ ही तोशिबाची जोडी, म्हणजे २एससी५२०० आणि २एसए१९४३, आज आपल्याकडच्या डीजेपासून घरगुती ॲम्प्लिफायरपर्यंत सर्वत्र चालते, आणि म्हणूनच तिची नक्कल बाजारात सर्वांत अधिक. वरून छापील अक्षरे हुबेहूब. आत सिलिकॉनचा तुकडा मात्र अस्सलाच्या मानाने फारच चिमुकला. दोन दिवस गातो आणि तिसऱ्या दिवशी जाताना सोबत आणखी चार भागांना घेऊन जातो. म्हणून सुटे भाग घेताना बिलावर खरेदी करावी आणि स्वस्त मिळाले याचा आनंद मानू नये.

ऐकून पाहण्याची संधी मिळाली, तर दुकानदार लावील ती ढोल-ताशाची तबकडी ऐकू नये. तिने फक्त त्याची विक्री होते. क्लास एबीमध्ये लहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर आणि खालचा अर्धा दुसरा सांभाळतो, आणि दोघांच्या सांध्यावर जर जुळणी चुकली असेल, तर एक बारीक खरवड उमटते. ही खरवड मोठ्या आवाजात दडते व अगदी हळू आवाजात उघडी पडते. तेव्हा रात्री पंखा बंद करून, नॉब अगदी खाली ठेवून, तंबोरा ऐकावा. षड्जाची तार छेडल्यानंतर तिचा नाद विरत विरत शून्याला पोहोचेपर्यंत गुळगुळीत राहिला पाहिजे, शेवटी शेवटी त्याला वाळू लागता कामा नये. गळ्यासाठी वसंतराव देशपांडे घ्यावेत. एक तर ते याच जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचे, १९२० साली जन्मलेले. आणि दुसरे म्हणजे ‘कट्यार काळजात घुसली’मधल्या त्यांच्या वेगवान तानांत प्रत्येक स्वर सुटा उभा असतो, ते स्वर जर एकमेकांत कालवल्यासारखे ऐकू आले, तर दोष त्यांच्या गळ्याचा खचित नव्हे. पण तेथेही आधी स्पीकरची जागा हलवून पाहावी.

खरेदीच्या वेळी यंत्राच्या पाठीकडे पुरता वेळ द्यावा. गेल्या साठ वर्षांत तबकडी गेली, स्पूल गेला, कॅसेट गेली, सीडी गेली, आणि तबकडी पुन्हा आली. परंतु त्या सर्वांनी ज्या लाल-पांढऱ्या गोल सॉकेटमधून ॲम्प्लिफायरमध्ये प्रवेश केला, ते सॉकेट अमेरिकेच्या आरसीए कंपनीने गेल्या शतकाच्या मध्यापूर्वीच काढले आणि ते आजही तसेच आहे. ॲम्प्लिफायरच्या पोटातच ब्लूटूथ, वाय-फाय आणि मोबाईलमधल्या ॲपवरचे नियंत्रण घातलेले असेल, तर कंपनीने त्या ॲपकडे पाठ फिरविली की उत्तम ट्रान्सफॉर्मर असलेले यंत्रही मुके होऊन बसते. ब्लूटूथ हवे असेल तर त्याची डबी वेगळी घ्यावी, त्याच गोल सॉकेटमध्ये खुपसावी, आणि जुनी झाली की फेकून द्यावी. तीन-चार साधे इनपुट, एक व्हॉल्यूम, एक भक्कम कळ, आणि स्पीकर जोडायला पेचाची टोके एवढे ज्याच्या पाठीवर आहे तो ॲम्प्लिफायर पुरेसा शहाणा समजावा. सर्किटची आकृती मिळत असेल तर तिची प्रत काढून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावी, आणि कोणता कंडेन्सर कोणत्या साली बदलला ते त्याच कागदावर लिहीत जावे. आकृती जुळते की नाही हे पाहायला झाकण उघडणारा मिस्त्री पुढच्या वेळी दुसराच असेल, आणि त्याची मजुरी तो पूर्वीच्याने काय केले हे शोधण्यात गेलेल्या वेळावरच आकारील.